विसरला की थांबला

आमच्या गावच्या उत्सवातल्या नाटकांचे फोटो घरी एका पत्र्याच्या पेटीत आहेत. गोवा मुक्तीनंतरच्या पहिल्या वर्षांपासूनचे. त्यांत राजे आहेत, कपटी मामा आहेत, मिशा उतरवून नऊवारी नेसलेले पुरुष आहेत, ऑर्गनवर वाकलेले मास्तर आहेत, नारळ वाढवणारे देवस्थानचे अध्यक्ष आहेत. एका फोटोत पडदा ओढणारा मुलगासुद्धा आलाय, अर्धा. आप्पाकाका एकाही फोटोत नाही. आणि तो तर प्रत्येक वेळी तिथेच होता, फोटोच्या कडेपासून दोन-तीन हातांवर, विंगेत, मांडीवर पुस्तक घेऊन. आप्पाकाका प्रॉम्प्टर होता.

2024 च्या पावसाळ्यात, 80 व्या वर्षी तो गेला. पेपरातल्या निधनवार्तेत ‘निवृत्त मुख्याध्यापक’ असं छापून आलं. ते खरंच होतं. पण ज्या कामाची तो वर्षभर वाट बघायचा, ते निधनवार्तेत लिहायचं काम आहे असं कुणाला वाटत नाही. नट ऐकू येतो, गवई ऐकू येतो. प्रॉम्प्टर ऐकू आला तर त्या रात्री तो चुकला. आप्पाकाका फार क्वचित चुकला, त्यामुळे त्याच्या त्या कामाबद्दल सांगण्यासारखं गावात कुणाकडे फारसं काही नाही. माझ्याकडे आहे. लहानपणी मी त्याच्या शेजारी बॅटरी धरून बसायची.

गोव्याबाहेरच्यांसाठी थोडं सांगायला हवं. आमच्या घरात बोलणं कोकणीतून, पण आरती मराठी, भजन मराठी, पेपर मराठी आणि उत्सवातलं नाटक मराठी. कार्तिक सरला की जत्रा सुरू होतात त्या वैशाखापर्यंत. देवळाच्या राजांगणात माटव उभा राहतो, पालखी फिरून आली, पावणी म्हणजे देवाला वाहिलेल्या वस्तूंचा लिलाव झाला की मध्यरात्रीच्या सुमाराला तिसरी घंटा वाजते आणि पहाटे कोंबडा आरवेपर्यंत गावातलीच माणसं नाटक करतात. आमचं गाव फोंडा तालुक्यात, मंगेशी-म्हार्दोळच्या टापूत. दीनानाथ मंगेशकर 1900 साली इथल्या मंगेशीत जन्मले आणि 1918 मध्ये त्यांनी बळवंत संगीत मंडळी काढली, हे आमच्याकडे शाळेत जायच्या आधीच मुलांच्या कानावर पडतं. जितेंद्र अभिषेकीही मंगेशीचेच. पण हे सगळे घाट चढून गेलेले. जे मागे राहिले ते कुळागरात, म्हणजे पोफळीच्या बागेत, पाट फिरवणारे, शिंपी, दुकानदार, पुढे कदंब बसचे कंडक्टर. त्यांनी इथे दर वर्षी संगीत नाटक उभं केलं. मला विचाराल तर गोव्यात मराठी टिकली ती मोठ्या नावांमुळे कमी आणि या लोकांमुळे जास्त.

काकाचा जन्म 1944 चा. पोर्तुगीज अमलात तो सेगुंद ग्रावपर्यंत, म्हणजे पोर्तुगीज प्राथमिक शिक्षणाच्या दुसऱ्या टप्प्यापर्यंत, शिकला. मराठी मात्र देवळाच्या अग्रशाळेत एका म्हाताऱ्या गुरुजींकडे, संध्याकाळी, समईच्या उजेडात. त्या काळात छापायची प्रत्येक गोष्ट सेन्सॉरच्या हाताखालून जायची, लग्नाची आमंत्रणपत्रिकासुद्धा. साहजिकच हाताने लिहिलेल्या कागदाला घरात मोठा मान होता, आणि काकाचं अक्षर सुरेख होतं. 19 डिसेंबर 1961 ला गोवा मुक्त झाला तेव्हा तो 17 वर्षांचा होता. पुढच्या दोन-तीन वर्षांत गावोगाव सरकारी मराठी प्राथमिक शाळा निघाल्या, मास्तर कमी पडू लागले, आणि काका मास्तर झाला.

विंगेत तो अक्षरामुळेच पोचला. नाटकाचं पुस्तक गावात एकच असायचं. त्यावरून प्रत्येक नटाला त्याच्या भूमिकेची नक्कल उतरवून द्यावी लागे, म्हणजे त्याची स्वतःची वाक्यं आणि त्याआधीच्या माणसाचे शेवटचे दोन-चार शब्द, बस. ते शब्द कानावर पडले की आपण बोलायचं. या नकला काका उतरवायचा, आठ-दहा भूमिकांच्या. एवढं लिहून झाल्यावर अख्खं नाटक त्याला पाठ. मग एका वर्षी नेहमीचे प्रॉम्प्टर तापाने पडले आणि कुणीतरी म्हणालं, त्या पोराला बसवा. त्यानंतर त्या पाटावर दुसरं कुणी बसलं नाही.

माझ्या आठवणी 1980 नंतरच्या. तोवर वीज आलेली होती, पण ती नाटकाच्या रात्री हमखास जायची, म्हणून गॅसबत्ती भरून ठेवलेली असे. माझं काम दोन गोष्टींचं. बॅटरीच्या काचेवर लाल पतंगी कागद बांधलेला असायचा, म्हणजे उजेड पडद्यावर उमटत नाही आणि काकाचे डोळेही दिपत नाहीत. ती बॅटरी ओळीवर धरायची, आणि त्याने करंगळी हलवली की पान उलटायचं. “बाय, फुडलें पान” हे तो फक्त सुरुवातीला म्हणायचा. नंतर करंगळी पुरायची.

प्रॉम्प्टर कुजबुजतो असं लोकांना वाटतं. काका कधीच कुजबुजायचा नाही. कुजबुजीत वारा असतो, आणि त्यातला ‘स’ आणि ‘श’ पहिल्या तीन रांगांपर्यंत सापासारखा सरपटत जातो. तो घशातून, अगदी खालच्या सुरात, स्पष्ट बोलायचा, ओठ जवळजवळ न हलवता. सकाराने सुरू होणारं वाक्य असेल तर पहिला शब्द गाळून दुसरा द्यायचा. वाक्य कधीही पूर्ण द्यायचा नाही. नटाला एक शब्द मिळाला की बाकीचं त्याच्या पोटातून येतं, पूर्ण वाक्य दिलं तर तो ते पोपटासारखं म्हणतो आणि त्याच्या चेहऱ्यावरचं नाटक पुसलं जातं. पद असेल तर शब्दासोबत सूरही द्यायचा, ऑर्गनच्या आवाजाखाली दडवून. काका गाणारा नव्हता, पण सुराला पक्का होता. आणि शब्द द्यायचा तो नट श्वास सोडत असताना. श्वास घेताना माणसाला ऐकू कमी येतं असं त्याचं म्हणणं होतं. ते शास्त्रात बसतं का ते मला माहीत नाही, विंगेत मात्र बसायचं.

पण यातलं काहीही त्याच्या लेखी खरं काम नव्हतं. खरं काम वेगळंच होतं. नट बोलता बोलता थांबतो. आता तो विसरला आहे की थांबला आहे? विसरला असेल तर क्षणात शब्द द्यायला हवा, नाहीतर प्रेक्षकांना कळतं. थांबला असेल आणि तुम्ही शब्द दिलात, तर त्याने कमावलेली शांतता तुम्ही मोडलीत. हे ठरवायला हाताशी वेळ असतो तो एका श्वासाचा. एकदा एक नट मुलाच्या मृत्यूची बातमी ऐकून उभा राहिला तो उभाच राहिला. माझ्या हातातली बॅटरी थरथरायला लागली, मी काकाकडे बघितलं. त्याने पुस्तकावर तळवा ठेवला आणि पुटपुटला, “विसरूंक ना तो. रावला.” माटवात चिटपाखरू बोलत नव्हतं. मग तो नट बोलला, आणि बायकांच्या बाजूने हुंदके ऐकू आले. मी काकाला विचारलं, तुला कसं कळलं? त्याने सांगितलं, विसरलेल्या माणसाचे डोळे पहिल्यांदा विंगेकडे येतात, थांबलेल्या माणसाचे येत नाहीत. मग थोड्या वेळाने म्हणाला, डोळे न हलवता विसरणारेही असतात. ते कसे ओळखायचे ते सांगता येत नाही, ती माणसं वर्षभर ओळखीची असावी लागतात.

तो वर्षभर त्यांना ओळखत राहायचा. कुणाच्या घरात आजारपण आहे, कुणाचं कूळ-भाटकार (जमीनमालक) प्रकरण कोर्टात उभं आहे, कुणी पुन्हा दारू सुरू केली आहे, हे सगळं त्याला नाटकासाठी ठाऊक असावं लागे. ज्याच्या डोक्यात काळजी आहे तो तिसऱ्या अंकात विसरतो, पहिल्या नाही. पहिल्या अंकात भीतीच त्याला जागं ठेवते.

1967 ची गोष्ट मला बाबांनी सांगितली आणि काकानेही. दोघांनी वेगवेगळी सांगितली. त्या वर्षी 16 जानेवारीला जनमत कौल झाला. महाराष्ट्रात विलीन व्हायचं की संघप्रदेश म्हणून वेगळं राहायचं, हा प्रश्न. विलीनीकरणाची निशाणी फूल, वेगळं राहण्याची दोन पानं. 34,021 मतांनी दोन पानं जिंकली. काका फुलाचा होता. मराठी शाळेचा तरुण मास्तर दुसरं काही असणं कठीण होतं. बाबा दोन पानांचे. हातात मराठी पुस्तक असायला सरकार मुंबईत कशाला हवं, असं ते म्हणत. तेव्हा गोव्यात असं घर विरळाच असेल जिथे हा वाद झाला नाही. निकालानंतर दोघे भाऊ एकाच पंगतीला जेवायचे आणि बोलायचे नाहीत. आजी मधे उभी राहून पेज वाढायची आणि याचा निरोप त्याला, त्याचा याला सांगायची.

माघातला उत्सव तोंडावर आलेला. नाटकात मुख्य भूमिका बाबांची, विंगेत काका. तालमी झाल्या. तालमीत काका बाबांना वाक्यं द्यायचा, बाबा ती घ्यायचे, आणि घरी येताना दोघे वेगवेगळ्या पायवाटांनी यायचे. प्रयोगाच्या रात्री दुसऱ्या अंकात बाबा भर सभेत एका वाक्यावर थबकले. इथपर्यंत दोघांची गोष्ट एकच आहे. काकाने शब्द दिला, बाबांनी तो उचलला, नाटक पुढे गेलं. पहाटे बाबा रंगपटात तोंडाचा रंगही न पुसता काकाच्या अंगावर गेले. मी विसरलो नव्हतो, मी थांबलो होतो, तू माझी जागा मारलीस. काका शांतपणे पुस्तक बांधत म्हणाला, “तूं विसरिल्लो.” कौलानंतर दोघा भावांमधलं पहिलं बोलणं हे. दोघे भांडत भांडत घरी आले, एकाच वाटेने, आणि आजीने पुढ्यात चहा ठेवला तेव्हाही भांडतच होते. फुलाचा आणि पानांचा विषय त्यानंतर घरात पुन्हा निघाला नाही. विसरला की थांबला हा मात्र बाबा जाईपर्यंत चालू राहिला. चवथीला सगळे जमले, गणपतीच्या वर फळापानांची माटोळी बांधून झाली की कुणीतरी मुद्दाम ठिणगी टाकायचं आणि दोघे पेटायचे. बाबा उभे राहून ते वाक्य म्हणून दाखवायचे, थांब्यासकट. काका मान हलवायचा.

काकीची तक्रार वेगळी होती. ती बायकांमध्ये बसायची, जाजमावर, खाज्यांचा पुडा मांडीवर घेऊन, आणि तिचं म्हणणं असं, की तिला आख्ख्या माटवात ह्यांचा आवाज ऐकू येतो. दुसऱ्या कुणाला येत नसे. शेजारणीला विचारलं तर ती म्हणायची, छे गो. पण काकी सांगायची, अमक्या प्रवेशात तुम्ही दोनदा ‘महाराज’ दिलात, आणि ते बरोबर निघायचं. काका अस्वस्थ व्हायचा. पुढच्या वर्षी पाट आणखी आत सरकवायचा, आवाज आणखी खाली न्यायचा. काकीला तरीही ऐकू यायचा. मोठी झाल्यावर मी एकदा तिला विचारलं, खरंच ऐकू येत होता? ती म्हणाली, लग्न झालं तेव्हापासून ते माणूस रात्री झोपेतसुद्धा वाक्यं देतं, मला ऐकू येणार नाही तर कुणाला?

वर्गातही तो असाच होता. फळ्यासमोर उभं राहून मूल पाढ्यात अडकलं की मागची मुलं ओरडून उत्तर सांगायची. काका त्यांना हाताने गप्प करायचा आणि वाट बघायचा. त्याच्या हातून शिकलेली, आता साठीला आलेली माणसं तेराव्याला आली होती. त्यांच्यातल्या एकाने सांगितलं, मला बोलताना अडखळायला व्हायचं, सगळे माझं वाक्य पुरं करायचे, एक मास्तर सोडून. त्या गृहस्थांनी पुढे पंचवीसेक वर्षं पंचायतीत भाषणं केली. काकाची ती शाळा पट कमी झाल्यामुळे बंद पडली, त्याच्या डोळ्यांदेखत. त्याबद्दल तो एक शब्द बोलला नाही, पण त्या वर्षी तो जत्रेला उशिरा आला.

पुढे माइक आले, वरून टांगलेले. नटाचा आवाज उचलणारा माइक प्रॉम्प्टरचाही उचलतो. कला अकादमीच्या मराठी नाट्यस्पर्धेत आमच्या गावचं नाटक उतरलं तेव्हा पणजीच्या त्या मोठ्या दीनानाथ मंगेशकर कला मंदिरात काका दुपारपासून जाऊन विंगेत फिरत होता, प्रत्येक जागी उभा राहून एक शब्द बोलायचा आणि मला शेवटच्या रांगेतून हात वर करायला लावायचा. शेवटी त्याने आवाज सोडलाच. अर्धा प्रयोग ओठांवर आणि बोटांवर केला. नटांना सवय करून दिली होती महिनाभर. रात्री परत येताना गाडीत सगळे गात होते. काका कषाय पीत खिडकीशी बसला होता, आणि मी त्याला इतका खूश क्वचित बघितलाय.

आजारपण लांबलं नाही. हृदयाचं दुखणं होतं, इस्पितळात थोडे दिवस, मग घरी, आणि एका पावसाळी पहाटे काकी उठवायला गेली तेव्हा तो गेलेला होता. लाकडं ओली होती. याहून जास्त त्याबद्दल मला लिहायचं नाही.

पुस्तकं राहिली. काहींच्या कडा वाळवीने खाल्लेल्या, बहुतेकांना त्याने स्वतः पुठ्ठा घालून शिवलेलं. आत तांबड्या पेन्सिलीने प्रवेश, निळ्याने निर्गमन. एक उभी रेघ म्हणजे छोटा थांबा, दोन रेघा म्हणजे मोठा. ज्या वाक्यावर जो नट अडखळतो त्याच्या नावाचं पहिलं अक्षर समासात. एकाच पुस्तकावर दोन-तीन काळांतली नाटकं एकावर एक चढलेली आहेत, वेगवेगळ्या नटांची. गावात आता प्रॉम्प्टिंग एक तरुण करतो, मोबाइल दुकान चालवणारा, टॅबवरून वाचतो. चांगला करतो. त्याला मी ही पुस्तकं दाखवली तेव्हा त्याने पहिला प्रश्न विचारला तो वर्तुळांचा. मधूनमधून एखाद्या वाक्याभोवती पेन्सिलीचं बारीक वर्तुळ. त्याचा अर्थ मला काकाने कधी सांगितला नव्हता. बॅटरी धरणाऱ्या मुलीला त्याची गरजही नसावी.

आम्ही गावच्या जुन्या स्त्रीपार्टी नटांकडे गेलो. वय नव्वदीकडे झुकलेलं, पण पाठ ताठ आणि पदर सावरायची बोटांची सवय तशीच. त्यांनी पुस्तक डोळ्यांजवळ नेलं, वर्तुळातलं स्वतःचं वाक्य मोठ्याने म्हटलं, आणि लगेच म्हणाले, इथे तो पुस्तकातून मान वर काढायचा. मी त्याच्याकडे बघत नसे, पण मला कळायचं. तरुणाने विचारलं, म्हणजे इथे शब्द द्यायचा नाही? ते म्हणाले, द्यायचा तर. पण पुस्तकाकडे बघून नव्हे.

मग जेवणवेळ होईपर्यंत आम्ही पानामागून पान बघत बसलो. ते प्रत्येक वर्तुळ कुणाचं ते सांगायचे, तो तरुण टॅबमध्ये उतरवून घ्यायचा. बहुतेक माणसं आता नाहीत. काहींची नावं मी पहिल्यांदा ऐकली.

1967 चं पुस्तकही त्यांत होतं. दुसऱ्या अंकात बाबांच्या त्या वाक्यापाशी मी थांबले. वर्तुळ नव्हतं. समासात बाबांच्या नावाचं पहिलं अक्षर होतं, तांबड्या पेन्सिलीचं, अडखळण्याची खूण, त्या काळातली. आणि वाक्याच्या मधोमध, बॉलपेनच्या शाईत, दोन उभ्या रेघा.

जुन्या नटांचं म्हणणं, ते नाटक नंतर पुन्हा झालं होतं, ती भूमिका दुसऱ्याने केली होती, त्याच्यासाठी असतील. तसं असू शकतं. मी पुस्तक घरी नेऊन काकीला दाखवलं. तिने चष्मा लावून रेघांवरून बोट फिरवलं आणि म्हणाली, दुसऱ्याचा कसला थांबा, तो तर धडाधड म्हणायचा. ह्या तुझ्या बाबांच्या.

मी काकीच्या बाजूची आहे. बाबांना हे दाखवता आलं असतं तर त्यांनी उभं राहून ते वाक्य पुन्हा म्हटलं असतं, थांब्यासकट, आणि काकाला मान हलवायला जागा ठेवली नसती.